साडेसहाशे रुपयांचा ट्रिम काढण्याचा संच: बंपर दोनदा उतरवल्यानंतरचे मत

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर साचलेल्या पाण्याखालच्या खड्ड्याचा अंदाज आला नाही, गाडीचे पुढचे डावे चाक दणकन आत गेले आणि बंपरचा डावा कोपरा मडगार्डपासून बोटभर सुटला. रंग उडाला नव्हता, कुठे चीरही गेलेली नव्हती. फक्त कोपरा ओठ विलगल्यासारखा उघडा राहिला होता आणि वेग वाढला की थरथरत होता. गॅरेजमध्ये चौकशी केली, तेव्हा बंपर काढून-बसवण्याची मजुरी, आतला प्लास्टिकचा ब्रॅकेट आणि ‘आता उतरवतोच आहोत तर’ म्हणून रंगाचा एक हात, असा मिळून साडेचार हजार रुपयांचा आकडा पुढे आला. त्यातला ब्रॅकेट स्वतंत्रपणे विकत घ्यायला गेल्यावर पावणेदोनशे रुपयांना मिळाला. चालकाच्या बाजूच्या दारातून येणारी खडखड आणि डॅशकॅमची (रस्त्याचे चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याची) काचेवरून लोंबणारी वायर ही आणखी दोन कामे वर्षभर रेंगाळली होतीच. म्हणून साडेसहाशे रुपये मोजून ट्रिम, म्हणजे गाडीवर क्लिपांनी बसवलेली प्लास्टिकची आवरणे, काढण्याचा एक संच मागवला. तो कितपत उपयोगी पडला, कुठे कमी पडला आणि तो घेण्याआधी काय ठाऊक असायला हवे होते, ते येथे लिहीत आहे. असे संच एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतात आणि वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, त्यामुळे विक्रेत्याच्या नावापेक्षा संचात काय आहे हे पाहणेच महत्त्वाचे आहे.

जाहिरातीत ‘११ नग’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात प्लास्टिकच्या पाच पट्ट्या, क्लिप उपसण्याची एक पक्कड, मूठ असलेला धातूचा एक दुबेळका काटा, वायरच्या कनेक्टरमधील पिना सोडवण्याचे तीन बारीक आकडे आणि हे सर्व ठेवण्याची कापडी पिशवी निघाली. पिशवी धरून अकरा! शिवाय वीस क्लिपांची एक पुडी ‘भेट’ म्हणून होती. तिच्याविषयी पुढे लिहिणार आहेच.

पाचपैकी दोन पट्ट्या खऱ्या कामाच्या आहेत. पहिली सुमारे चार सेंटीमीटर रुंद, पाचरीसारखी निमुळती होत गेलेली. दाराच्या आतल्या बाजूचे आवरण, म्हणजे पॅड, आणि पत्रा यांच्यामधील फटीत शिरण्यासाठी ती उत्तम आहे, कारण तिच्यावर दिलेला जोर एका बिंदूवर न पडता रुंदीभर पसरतो. दुसरी अरुंद, टोकाशी किंचित वाकवलेली आणि मध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेली; ती क्लिपच्या मानेखाली घालून क्लिप वर उचलता येते. उरलेल्या तीन पट्ट्यांपैकी एक पहिलीचीच धाकटी बहीण आहे आणि दोन कशासाठी दिल्या आहेत, हे मला आजही उमगलेले नाही. त्यांतल्या एकीने मुलाने सायकलच्या टायरची कड रिमवरून उचलली आणि ते काम तिने चांगले केले, एवढीच तिची कामगिरी.

प्लास्टिकचीच पट्टी का, चपटा स्क्रू ड्रायव्हर का नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. गाडीचा बंपर बहुधा पॉलिप्रोपिलीन आणि रबरासारखे लवचीक घटक यांच्या मिश्रणाचा असतो आणि आतले पॅडही त्याच जातीच्या प्लास्टिकचे असते. पोलादी टोक त्यावर टेकवून दाबले की प्लास्टिक दबते आणि तो व्रण कायमचा राहतो. रंगवलेल्या कडेवर तर रंगाचा टवकाच उडतो. नायलॉनची पट्टी मात्र, जोर जास्त झाला तर, स्वतः झिजते किंवा वाकते. माझ्या रुंद पट्टीची धार दोन कामांनंतरच दातरल्यासारखी झाली आहे आणि ती तक्रारीची नव्हे तर समाधानाची बाब आहे, कारण तेवढे ओरखडे दारावर उठलेले नाहीत. स्वस्त संचांत नायलॉनऐवजी ठिसूळ प्लास्टिक वापरलेले असते. पट्टी थोडी वाकवून पाहावी आणि वाकवलेल्या जागी पांढरी रेघ उमटली, तर ती पट्टी परत करावी. याउलट काचतंतू मिसळलेली फार कडक पट्टीही मऊ डॅशबोर्डावर रेघा ओढते, म्हणून तिच्या टोकाला मास्किंग टेपचा एक वेढा द्यावा.

संचाची खरी किंमत वसूल होते ती पकडीत. तिचे जबडे तिरके आणि चपटे असून ते क्लिपच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकतात. मूठ दाबली की क्लिप सरळ वर येते, तिरकी होत नाही आणि म्हणून मोडत नाही. धातूच्या दुबेळक्या काट्याने हेच काम केले, तेव्हा पाचपैकी दोन क्लिपांची डोकी तुटली. पक्कड धातूची असल्यामुळे तिच्या जबड्याखाली जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा तुकडा ठेवत होतो, म्हणजे रंगाला धक्का लागत नाही. पकडीच्या मुठीवरचे रबर तिसऱ्याच दिवशी सैल पडून गोल फिरू लागले. त्याचे गुण मी कापतो.

बंपरचे काम डिसेंबरातल्या एका रविवारी काढले. पुण्यात त्या दिवसांत सकाळी प्लास्टिक इतके ताठर झालेले असते की ओढताना बंपर अडकवण्यासाठी असलेले त्याचे कान तुटण्याची भीती वाटते, म्हणून ऊन अंगणात येईपर्यंत थांबलो. एप्रिलच्या दुपारी बंद गाडीतले पॅड तापून नरम पडते आणि पट्टीचा दाब त्यावर उमटतो, तेव्हा तीही वेळ टाळलेली बरी. आधी बॅटरीच्या ऋण टोकाची जोडणी सोडवली. त्यामुळे घड्याळ आणि रेडिओची ठरवलेली केंद्रे पुसली जातात आणि काही गाड्यांत काच एका दाबात वर नेण्याची सोय पुन्हा शिकवावी लागते, हे आधीच लक्षात ठेवावे.

बॉनेट उघडल्यावर ग्रिलच्या वरच्या कडेवर रांगेने काळ्या, गोल डोक्याच्या क्लिपा दिसतात. येथेच माझी पहिली फजिती झाली. या क्लिपांच्या मधोमध एक खुंटी असते. काही प्रकारांत ती खुंटी नखाने किंवा पट्टीने वर उचलायची असते, काहींत तिच्यावर फुली असते आणि ती स्क्रू ड्रायव्हरने पाव फेरा फिरवायची असते, तर काहींत ती दोन-तीन मिलिमीटर आत ढकलायची असते आणि आत गेल्यावरच क्लिपचे पाय मिटतात. आमच्या गाडीच्या क्लिपा तिसऱ्या प्रकारच्या होत्या आणि मी त्या उपसत बसलो होतो. वरच्या मजल्यावरचे काका पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातील टूलरूममधून (हत्यारे आणि साचे घडवण्याच्या विभागातून) निवृत्त झाले आहेत. ते गॅलरीतून बराच वेळ पाहत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “अहो, उपसताय काय? मधली खुंटी आत ढकला आधी.” ढकलली, आणि क्लिप दोन बोटांत अलगद आली. परत बसवताना हीच खुंटी मागून दाबून डोक्याच्या वर काढून घ्यावी लागते, मग क्लिप भोकात ठेवून खुंटी डोक्याच्या पातळीपर्यंत दाबायची. संचासोबत आलेल्या कागदावर यातले एक अक्षर नाही. पाच प्रकारच्या पट्ट्यांची रंगीत चित्रे मात्र आहेत.

वरच्या क्लिपांनंतर चाकांच्या कमानी येतात. चाक पूर्ण वळवले की कमानीच्या आतले काळे अस्तर दिसते आणि त्याच्या पुढच्या टोकाला, बंपर व मडगार्ड जुळतात तेथे, एक-दोन स्क्रू असतात. मारुती, टोयोटा, होंडा यांसारख्या जपानी परंपरेतल्या गाड्यांत १० मिलिमीटरचा बोल्ट आणि फुलीचा स्क्रू यांवर बरेचसे काम निभावते; फोक्सवॅगन किंवा स्कोडा असेल, तर चांदणीच्या आकाराची टॉर्क्सची टोके लागतात. या संचात यांपैकी काहीच नाही, हे विकत घेणाऱ्याने नीट समजून घ्यावे. दहाचा पाना घरी नसेल, तर साडेसहाशे रुपयांच्या संचाने बंपर तसूभरही हलणार नाही. फुलीच्या स्क्रूविषयी आणखी एक गोष्ट काकांनी सांगितली: जपानी स्क्रूच्या फुलीचा आकार आपल्या नेहमीच्या फिलिप्स फुलीपेक्षा किंचित निराळा असतो आणि त्याच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका कोरलेला असतो. नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण खाली बसत नाही, घसरतो आणि गंजलेल्या स्क्रूची फुली खाऊन टाकतो. कमानीतले स्क्रू चिखलपाण्याने गंजलेलेच असतात. त्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडावेत.

त्यानंतर गाडीखालच्या क्लिपा. त्यांच्या खुंट्यांभोवती चिखल वाळून दगड झालेला असतो. जुन्या टूथब्रशने आणि पाण्याने तो धुतल्याशिवाय पक्कड लावण्यात अर्थ नाही.

सर्व सुटल्यावरही बंपर जागचा हलत नाही आणि नवख्याचा धीर येथेच सुटतो. दोन्ही कोपऱ्यांत, मडगार्डच्या कडेला, दात असलेला ब्रॅकेट असतो आणि बंपरची कड त्या दातांत अडकलेली असते. मडगार्डच्या आणि दिव्याच्या कडेवर मास्किंग टेप लावून घ्यावा, कमानीच्या बाजूने कड दोन्ही हातांनी धरावी आणि ती पुढे नव्हे तर बाहेर, म्हणजे चाकापासून दूर, ओढावी. एकेक दात सुटताना ‘टक’ असा आवाज होतो. पहिल्या आवाजाला काहीतरी मोडले असे वाटून मी हात मागे घेतला होता. तो आवाज मोडण्याचा नसतो. येथे मात्र पट्टीचा मोह टाळावा. मी रुंद पट्टी घालून पाहिली आणि तिने बंपर सुटण्याऐवजी मडगार्डच्या रंगावर केसाएवढी रेघ उमटली, कारण पत्र्यावरचा रंग आणि नायलॉन यांच्यामध्ये धुळीचा एखादा कण सापडला की तो कण सँडपेपरचे काम करतो. कोपऱ्याला हातच हवेत आणि तेही चार: एकाने एक बाजू सोडवावी, दुसऱ्याने दुसरी तोलून धरावी, आणि बंपर वीतभर पुढे आला की थांबून फॉगलॅम्पच्या वायरचे कनेक्टर सोडवावेत. हे न करता ओढले, तर वायर तुटते. सुटलेला बंपर फरशीवर नव्हे, गोधडीवर ठेवावा.

आत पाहिल्यावर कळले की बंपर म्हणजे केवळ दर्शनी आवरण. खरा धक्का झेलणारी पोलादी पट्टी त्याच्यामागे असते आणि काही गाड्यांत दोहोंच्या मध्ये थर्मोकोलसारखा दिसणारा फोमचा ठोकळा असतो. आमच्या गाडीत हॉर्नच्या मागे सुकलेली पाने, नारळाच्या शेंड्या आणि प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे यांचे व्यवस्थित घरटे सापडले. घुशीने वायर अजून कुरतडली नव्हती, इतकेच नशीब. रेडिएटरच्या पुढची जाळी पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन घेण्याची ती संधी होती आणि एरवी ते काम कधीच झाले नसते. डावा ब्रॅकेट दोन दात मोडून लोंबत होता; दोन स्क्रू काढून नवा बसवायला दहा मिनिटे लागली. “पुढे एक लोखंडी गार्ड टाकून घ्या, पुन्हा कटकट नाही,” असा सल्ला बघ्यांपैकी एकाने दिला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे क्रॅश गार्ड बेकायदा ठरवून कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते, हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी रस्त्यावरच्या अशा पाच गाड्या मोजून दाखवल्या.

दाराचे पॅड हे या संचाचे खरे माहेर आहे आणि येथे त्याने निर्विवाद बाजी मारली. आधी दार उघडण्याच्या मुठीमागचा आणि हात टेकण्याच्या खळग्यातला, असे दोन स्क्रू शोधावे लागतात. दोन्ही नखाएवढ्या टोपणांखाली दडलेले असतात आणि ही टोपणे उचलण्यासाठी संचातली अरुंद पट्टी अगदी नेमकी आहे. आरशाजवळचा तिकोनी तुकडाही तिनेच निघाला. मग रुंद पट्टी पॅडच्या खालच्या कडेत घालून, क्लिप जिथे असेल तिच्या शक्य तितक्या जवळ नेऊन हलकेच पिळायची. क्लिपपासून लांब जोर दिला तर पॅडच वाकते आणि क्लिपचे आसन पॅडापासून उखडते. ते उखडले तर पॅड पुन्हा घट्ट बसणे अवघड. माझ्या नऊ क्लिपांपैकी आठ शाबूत निघाल्या. कडेच्या सर्व सुटल्यावर पॅड वर उचलून काचेच्या खाचेतून मोकळे करायचे, पण ओढून लांब न्यायचे नाही, कारण काचेच्या बटणांची वायर आणि मुठीची केबल अजून मागे जोडलेली असते.

पॅडच्या मागे दाराच्या पोकळीवर काळ्या, चिकट दोरीसारख्या थराने चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. तो निरुपयोगी पॅकिंग समजून फाडू नये. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दाराच्या आत उतरते आणि तळाच्या भोकांतून बाहेर जाते. ते पाणी गाडीच्या आत येऊ न देण्याचे काम हा पडदा करतो. तो नीट परत चिकटवला नाही, तर जूनमध्ये पायाखालचा गालिचा ओला राहू लागतो आणि पाणी कुठून येते हे शोधण्यात जुलै जातो. खडखडीचे कारण म्हणाल, तर सैल झालेली एक लोखंडी दांडी होती. तिच्याभोवती फोमचा तुकडा गुंडाळला आणि आवाज थांबला.

डॅशकॅमची वायर काचेच्या बाजूच्या खांबाच्या आवरणामागून नेली. याविषयी मात्र सावधगिरीची सूचना ठळकपणे करावीशी वाटते. आमची गाडी जुनी, पुढच्या दोनच एअरबॅगा असलेली आहे, म्हणून त्या खांबात केवळ प्लास्टिक आणि स्पंज निघाला. ज्या गाडीत छताच्या कडेला पडद्यासारखी एअरबॅग असते आणि खांबाच्या आवरणावर किंवा त्याच्या शेजारी एअरबॅगची खूण छापलेली असते, तेथे हा संच घेऊन जाऊ नये. ते आवरण एका खास दोरीवजा क्लिपने धरलेले असते, एअरबॅग उघडताना ते उडून प्रवाशाच्या अंगावर येऊ नये म्हणून. ती क्लिप चुकीची बसली किंवा वायर एअरबॅगच्या वाटेत आली, तर तिचा परिणाम अपघाताच्या क्षणीच कळेल. स्टिअरिंगभोवतीचे आणि डॅशबोर्डाच्या डाव्या बाजूचे काम, तसेच पिवळ्या रंगाचा कोणताही कनेक्टर, घरी हाताळायचा नाही. बॅटरी सोडवली म्हणून लगेच सुरू करायचे असेही नाही. यंत्रणेत साठलेली वीज उतरायला काही मिनिटे द्यावी लागतात आणि ती किती, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. संच विकणाऱ्याने पाकिटावर हसऱ्या गृहस्थाचे चित्र छापण्याऐवजी एवढ्या तीन ओळी छापल्या असत्या, तर माझ्या लेखी एक तारा वाढला असता.

आता भेट मिळालेल्या क्लिपांविषयी. त्या सर्व एकाच मापाच्या आहेत आणि तळाचे पाय इतके कडक आहेत की भोकात शिरताना दोन मोडल्या. क्लिप निवडताना भोकाचा व्यास पाहावा लागतो. साधारणपणे सहा, सात किंवा आठ मिलिमीटरची भोके आढळतात आणि एका मिलिमीटरच्या फरकाने क्लिप एकतर बसत नाही किंवा बसून धरत नाही. मोडकी क्लिप खिशात घालून मी नाना पेठेत गेलो. तिथल्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने ती बोटांत फिरवून पाहिली, मागच्या बरणीतून तशाच डझनभर काढल्या आणि साठ रुपये घेतले. संचातल्या वीसपेक्षा या बारा क्लिपांनी जास्त काम केले. काम सुरू करण्याआधीच निदान सहा-आठ जादा क्लिपा आणून ठेवाव्यात. जुन्या क्लिपांचे नायलॉन उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने ठिसूळ झालेले असते आणि त्यांतल्या काही मोडणारच, मग हात कितीही हलका असो.

संचाचे मोल ठरवताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. गाडी वॉरंटीत असेल, तर पॅड उघडल्याच्या खुणांवरून पुढे वाद होऊ शकतो. आणि धक्क्याचा विम्याचा दावा करायचा असेल, तर सर्व्हेयरने पाहण्याआधी बंपरला हातही लावू नये. मी दावा केला नाही, कारण पावणेदोनशे रुपयांच्या ब्रॅकेटसाठी न-दाव्याची सवलत (नो क्लेम बोनस) घालवणे परवडणारे नव्हते.

माझ्याकडून या संचाला पाचपैकी साडेतीन तारे. पक्कड, रुंद पाचर आणि खाचेची पट्टी या तीन वस्तूंसाठी तो घेण्यासारखा आहे. याच तीन वस्तू सुट्या मिळाल्या, तर आणखी चांगले. ज्याला आयुष्यात एकदाच एक टोपण उचलायचे आहे, त्याने घरातले जुने लाकडी उलथणे कडेला घासून पातळ करून वापरावे. आमच्या घरी ते मागितले तेव्हा नकार मिळाला होता, हा भाग वेगळा.

त्या रविवारी सर्व परत बसवून, हात धुऊन, चहा घेऊन गाडी संध्याकाळी बाहेर काढली, तेव्हा डावा फॉगलॅम्प पेटेना. कनेक्टर जोडायचा राहिला होता. पहिल्यांदा बंपर उतरवून बसवायला साडेतीन तास लागले होते. पुढच्या रविवारी काकांना खाली बोलावून तोच बंपर पुन्हा उतरवला, कनेक्टर जोडला आणि परत चढवला, तो पाऊण तासात, एकही क्लिप न मोडता. पकडीचे रबर या खेपेला पूर्णच निघून आले, म्हणून मुठीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आहे आणि तो अजून हललेला नाही.